अनुमान पक्के झाले

पुण्याच्या एका जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी नरसिंहरावांच्या नोंदींची जाहीर वाखाणणी केली, आणि त्या दिवसापासून नरसिंहरावांनी नोंदी लिहिणे बंद केले.

नरसिंहराव बेंगळुरूच्या मल्लेश्वरमात राहत. आडनाव विचारले तर ‘राव’ म्हणत. खोदून विचारले तर ‘साळुंखे होतं म्हणे पूर्वी’ असे सांगत. हे ‘पूर्वी’ म्हणजे त्यांचा कोणी पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरला आणि परत गेला नाही, तेव्हाचे. तेव्हापासून त्या घराण्याची मराठी कानडीच्या शेजारी नांदत आली होती, आणि शेजारधर्म म्हणून तिने बरेच काही घेतले होते. नरसिंहराव एका कारखान्यात आरेखक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या रस्त्यावरच्या झाडांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या ‘अश्वत्थकट्टा’ नावाच्या चर्चामंचावर लिहू लागले. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घराण्यांचा हा मंच. तिथे स्थळे सुचवली जात, लग्नाच्या हॉलची चौकशी होई, कुणाच्या तरी आजीची चकलीची कृती दर दिवाळीला नव्याने मागितली जाई. आणि कोणी ‘दारातलं झाड वाळलंय का हो?’ असे विचारले, की नरसिंहरावांचे सावकाश, सविस्तर उत्तर येई.

‘वाळलं नाही. होंगे आहे ते, तिकडे करंज म्हणतात. स्वल्प थांबा,’ असे एकदा त्यांनी लिहिले होते. ‘आमच्या दारच्या होंगेची जुनी पानं सगळी उतरली. काल पालवीचं एक पान सापडलं, तांबूस, तेल लावल्यासारखं. पाऊस अजून नाही. पावसाची वाट हे झाड बघत नाही. गेल्या वर्षीही नाही, त्याच्या मागल्या वर्षीही नाही.’ आणि त्याखाली मागल्या वर्षांच्या तारखा.

हे उत्तर शालनने वाचले. शालन निपाणीची. शिक्षण पदार्थविज्ञानाचे, नोकरी यशवंतपूरच्या औद्योगिक भागातल्या एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत. कारखान्यांतले दाबमापक, तापमापक तिथे तपासायला येत, आणि ते खरे सांगतात की खोटे, आणि खोटे सांगत असतील तर किती, याचा दाखला शालन देई. ज्योतिष, पायगुण, चमत्कारी काढे आणि मोजण्याची पद्धत न सांगता दिलेला आकडा, या चारही गोष्टींवर तिचा सारखाच अविश्वास होता. घरात मराठी, कामावर कानडी, अहवालात इंग्रजी अशी तिच्या दिवसाची वाटणी होती. अश्वत्थकट्ट्यावर ती आली होती ती निपाणीसारखे भडंग कुठे मिळते हे विचारायला. भडंग मिळाले नाही, नरसिंहराव मिळाले. तिने त्यांना काही शंका विचारल्या, त्यांनी प्रत्येकीला ‘शालनअक्का,’ अशी सुरुवात करून उत्तर दिले. ती त्यांच्या मुलीच्या वयाची. पण इकडे परक्या मुलीलाही अक्का म्हणण्याची रीत आहे. पुढे ती त्यांना अण्णा म्हणू लागली आणि अधूनमधून रविवारी त्यांच्या घरी जाऊ लागली. या शहरात तिची वाट पाहणारे एवढे एकच घर होते, हे ती स्वतःलाही फारसे सांगत नसे.

शालन आणखी एका मंचावर होती. त्याचे नाव ‘पालवी’. झाडे कधी पाने गाळतात, कधी फुलतात, याच्या नोंदी ठेवणाऱ्या महाराष्ट्रभरच्या मंडळींचा तो मंच. आणि अलकाताई, म्हणजे वर उल्लेख आला त्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई, तो चालवत. मंचाच्या माथ्यावर एक धागा कायमचा अडकवलेला होता. दुसऱ्याचा प्रतिसाद अन्यत्र न्यायचा असेल तर आधी त्याला विचारा; मूळ धाग्याचा दुवा द्या; मजकूर कापू नका. शालनला हा नियम मान्य होता. पण नियम मान्य असणे आणि आपण त्या नियमाच्या कक्षेत येतो असे वाटणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कौतुकासाठी नेलेल्या मजकुराला परवानगी कशाला, असा तिचा समज होता. तिने नरसिंहरावांचे होंगेवरचे उत्तर, तारखांसकट, उचलून ‘पालवी’वर ठेवले.

अलकाताईंनी त्याला उत्तर लिहिले, आणि ते चांगले लांबलचक होते. शालनने ते वाचले, तिला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात तिने त्यातले सर्वांत नेमके वाक्य निवडून परत अश्वत्थकट्ट्यावर नेले. दाखल्यावर निष्कर्ष एका ओळीत लिहायची तिला सवय होती; स्तुतीही एका ओळीत अधिक ठसते असे तिला वाटले. ते वाक्य असे: ‘नरसिंहरावांच्या नोंदींवरून माझे अनुमान पक्के झाले.’ खाली तिने लिहिले: ‘पुण्याच्या अलकाताईंचा अभिप्राय. अण्णांनी जरूर वाचावा!’

कट्ट्यावर कोणी काही बोलले नाही. चकलीच्या कृतीलाही जिथे ढीगभर टाळ्या पडत, तिथे एक टाळी पडली नाही. उशिराने फत्तेसिंग नावाच्या एका गृहस्थांनी लिहिले, ‘पुण्याच्या लोकांनी तिकडे बसून बोलायचं, आणि आपण ते इथं आणून लावायचं? बरं नव्हे.’ शालनने याचे कारण प्रादेशिक अभिमान असे ठरवले आणि ती गोष्ट मनातल्या मनात निकालात काढली. नरसिंहरावांनी लिहिले, ‘सरी. कळलं.’ सरी म्हणजे ठीक.

त्यानंतर त्यांनी काहीच लिहिले नाही. दारातल्या झाडाविषयी दोघातिघांनी विचारले; उत्तर आले नाही. होंगे फुलायचा हंगाम दाराशी आला होता. त्यांच्या नोंदींची सलग माळ या वर्षी तुटणार, हे उघड दिसू लागले. शालनला त्याहून अधिक काही तुटेल अशी भीती वाटत होती.

ती पद्धतशीरपणे कारण शोधू लागली. पहिली शक्यता आजारपणाची. तिने त्यांच्या सुनेला, कावेरीला, फोन केला. मामा, म्हणजे तिचे सासरे, ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात, दोन वेळचे ऊट नीट जेवतात, असे कळले. दुसरी शक्यता फोन बिघडल्याची. पण त्याच फोनवरून ते शालनला सणाच्या शुभेच्छा पाठवत होते. तिसरी शक्यता रागाची. न विचारता त्यांचे लिखाण दुसरीकडे नेले, याचा राग. ही शक्यता तिला सर्वांत भक्कम वाटली, कारण तिच्यात स्वतःची चूक होती, आणि स्वतःची चूक असलेले स्पष्टीकरण प्रामाणिक वाटते. तिने फोन केला.

“अण्णा, तुमचं उत्तर मी ‘पालवी’वर ठेवलं. तुम्हाला विचारलं नाही. माझी चूक झाली.”

“अय्यो, त्याचं काय, शालनअक्का! झाडाचं लिहिलेलं. झाड काय माझं आहे?”

“मग तुम्ही लिहीत का नाही?”

“सुम्ने,” नरसिंहराव म्हणाले. सुम्ने म्हणजे उगीच. “वय झालं. तू जेवलीस?”

आवाजात राग नव्हता, अढी नव्हती, ‘अक्का’ होते तिथेच होते. तिसरी शक्यता बाद झाली. शालनजवळ चौथी नव्हती.

त्याच आठवड्यात अलकाताईंचा फोन आला. त्या कुणालाही फोन करताना आधी क्षेमकुशल विचारत नसत.

“शालन, तुमचे राव कुठे गेले? करंज फुलायला लागला असेल तिकडे.”

“लिहीत नाहीत, अलकाताई. तुमची शाबासकी कळल्यापासून.”

“माझी शाबासकी त्यांना कुठून कळली? ते ‘पालवी’वर नाहीत.”

“मी नेली. त्यांच्या मंचावर.”

“पूर्ण?”

“एक वाक्य.”

“कुठलं ते?”

शालनने वाचून दाखवले.

“आणि दुवा?”

“तिथल्या लोकांकडे आपलं सदस्यत्व नाही. उघडला नसता.”

“म्हणजे विचारलं नाही, दुवा नाही, आणि वर कापलेलं. तिन्ही नियम एका फटक्यात! नियमांचा धागा तुमच्यासाठी टांगलाय की भिंतीच्या शोभेला? तुमच्या प्रयोगशाळेत असाच दाखला देता का हो?”

“दाखल्यावर निष्कर्ष एका ओळीचाच असतो.”

“आणि त्याच्या भोवती? यंत्र कुठलं, मोजलं कशानं, मोजलं कुणी, हे नसतं?”

“असतं,” शालन म्हणाली.

“मग!” अलकाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. “हे बघा, तो प्रतिसाद मी त्या माणसासाठीच लिहिला होता. मला वाटलं होतं, तुम्ही मला विचाराल, मी हो म्हणेन, आणि तो अख्खा त्यांच्यापर्यंत जाईल. आता जा आणि अख्खा वाचून दाखवा. परवानगी तुम्ही मागितली नाहीत, तरी देतेय.”

रविवारी सकाळी शालन मल्लेश्वरमात गेली. फुटपाथवर होंगेच्या पांढुरक्या-जांभळ्या फुलांचा सडा पडायला लागला होता. कावेरीने दार उघडले.

“या या. मामा आंघोळीला गेलेत. स्वल्प बसा. कॉफी घेणार का म्हणून विचारणार नाही, घ्यायचीच आहे. पण नावं ठेवायची नाहीत आज.”

“का?”

“पावडर बिघडलीय.” कावेरी स्वयंपाकघरातूनच बोलू लागली. “आपला तो कोपऱ्यावरचा दुकानवाला होता ना, म्हातारा? त्याचा जावई बसतो आता. तेव्हापासून डिकॉक्शन काळंकुट्ट येतं आणि वास म्हणून नाही. चिकोरी वाढवली म्हणून मला अनुमान. विचारलं, तर म्हणतो, अक्का, मशीन तेच, बिया त्याच. बरं, तोंडावर कसं म्हणायचं, बाबा रे, माझं तुझ्यावर अनुमान आहे म्हणून?”

तिने पेला शालनसमोर ठेवला. शालनने तो उचलला नाही.

प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर नागराज नावाचा सहकारी बसे. एखादे यंत्र हातात घेतले, काटा जरासा अडखळला, की तो कानडीत म्हणे, याच्यावर मला अनुमान आहे. आणि शालन ते यंत्र पुन्हा तपासायला घेई. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकले होते की ते ऐकू येणेही थांबले होते. कानडीतले अनुमान तिच्या कामाच्या कप्प्यात होते, आणि मराठीतले अनुमान शाळेच्या पुस्तकांच्या कप्प्यात. दोन्ही कप्पे तिचेच होते. मधले दार कधी उघडायची वेळ आली नव्हती.

तिने खात्री करून घेतली.

“कावेरी, अनुमान म्हणजे काय?”

“अनुमान म्हणजे अनुमान. संशय. डाउट. का हो?”

“आणि कोणी म्हणालं, ‘माझं अनुमान पक्कं झालं,’ तर?”

“म्हणजे चोर सापडला,” कावेरी म्हणाली. मग तिचा चेहरा थोडा बदलला. “तुम्ही कट्ट्यावर लावलं होतंत की ते. मामांवर.”

“तुम्ही सगळ्यांनी ते तसंच वाचलं?”

“दुसरं कसं वाचायचं? नरसिंहरावांच्या नोंदींवरून माझं अनुमान पक्कं झालं. आणि वर तुम्ही लिहिलंत, अण्णांनी जरूर वाचावं. फत्तेसिंगअण्णा तर तुम्हाला कट्ट्यावरून काढा म्हणत होते.”

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला की! चांगला आला. तुमचा फोन आला तेव्हा उचलू की नको म्हणून बघत बसले होते. मग मामाच म्हणाले, शालनअक्कानं पाठीमागं बोललं नाही, समोर आणून ठेवलं, तेवढं धैर्य तुझ्यात आहे का म्हणून. मग काय बोलणार मी?” ती पेल्याकडे बघत म्हणाली, “प्या. गार झाली तर आणखीच वाईट लागते.”

शालनने कॉफी एका दमात प्यायली. ती खरोखरच वाईट होती.

नरसिंहराव बाहेर आले ते पांढराशुभ्र सदरा घालून, ओले केस मागे बसवून. “बाहेर बसू,” ते म्हणाले. फाटकाच्या आत, होंगेची सावली पडे तिथे, एक दगडी बाक होता. शालनने बसल्याबसल्या सांगून टाकले. मराठीत अनुमान म्हणजे काय, कानडीत काय, अलकाताई कुठल्या शाळेत शिकल्या, वाक्य कुणी कापले. ती समजावून सांगत होती तेव्हा नरसिंहराव आपल्या हाताच्या बोटांकडे बघत होते.

“म्हणजे त्या बाई मला खोटा म्हणाल्या नाहीत.”

“नाहीत. अगदी उलट.”

शालनला वाटले, आता ते हसतील. ते हसले नाहीत.

“पण म्हणायला हवं होतं, अक्का.”

“म्हणजे?”

“माझा उजवा डोळा मधोमध पुसल्यासारखा झालाय. ज्याच्याकडे बघायला जावं, नेमकं तेच नाही, बाजूचं असतं. डावा बरा आहे. अक्षर मोठं केलं की वाचता येतं. पण हे,” त्यांनी मान वर न करता बोट वर केले, “हे मला ढगासारखं दिसतं. हिरवा ढग. कळी, पालवी, शेंडा, काही नाही. बरीच वर्षं झाली. कावेरीला माहीत आहे, बाकी कुणाला नाही.”

“मग नोंदी?”

“खाली पडतं ते उचलतो. सकाळी झाडूवाली यायच्या आधी. हातात घेऊन, असं डाव्या डोळ्याजवळ धरून बघतो. वास घेतो. वरचं झाड मला दिसत नाही, खालचं दिसतं. मी लिहितो पहिली कळी, ती पहिली पडलेली कळी. झाडावर ती कधी आली, देवाला माहीत. लोकांना वाटायचं, म्हातारा वर बघून लिहितो. मी वाटू दिलं. त्यामुळे ते वाक्य वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. म्हटलं, कुणाला तरी कळायचंच होतं. बाई हुशार आहेत, तारखांवरून पकडलं. मग लिहिणं बंद करणं हेच सभ्यपणाचं.”

शालनला त्यांच्या नोंदींतली क्रियापदे आठवली. पान सापडलं. कळी सापडली. शेंग मिळाली. इतक्या नोंदींत तिने ‘दिसली’ असे एकदाही वाचले नव्हते.

“अण्णा, तुम्ही नेहमी ‘सापडली’ लिहायचात.”

“खोटं लिहवेना, आणि खरं सांगवेना,” नरसिंहराव म्हणाले. “मग मधला शब्द धरला.”

अशा वेळी दुसऱ्या कोणी ‘त्यात काय एवढं’ म्हटले असते. शालनला पुराव्याशिवाय दिलासा देणे जमत नसे. तिला ते एक प्रकारचे खोटे वजन वाटे. म्हणून तिने जे तिला ठाऊक होते तेच सांगितले.

“आमच्याकडे मापकं येतात. एखाद्याचा काटा कधी पुढं असतो, कधी मागं. तो बाद. पण एखादा नेहमी सारखाच मागं असतो. तो आम्ही बाद करत नाही. त्याच्या दाखल्यावर लिहितो, हा इतका मागं आहे, तेवढं मिळवून वाचा. तो वर्षानुवर्षं चालतो.”

“मग मी कुठला काटा?”

“माहीत नाही. मोजावं लागेल.”

नरसिंहरावांनी प्रथमच तिच्याकडे पाहिले, म्हणजे तिच्या जरा बाजूला पाहिले.

“तुम्ही खालचं लिहा,” शालन म्हणाली, “मी येऊन वरचं बघून लिहिते. दुर्बीण आणते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. फरक सारखा निघाला तर मागच्या सगळ्या नोंदी चालतील. सारखा नाही निघाला तर तसं लिहू.”

“आणि त्यासाठी तू रोज घरून, मत्तीकेरेहून, इकडे येणार? कामावर जायच्या आधी?”

“फुलांचा हंगाम आहे तोवर.”

“कॉफी वाईट मिळेल,” ते म्हणाले. मग त्यांना हसू आले, आणि ते बराच वेळ राहिले.

शालनने फोन काढला आणि अलकाताईंचे उत्तर वाचायला घेतले. सगळे. ‘श्री. नरसिंहराव यांना माझा नमस्कार कळवावा,’ अशी त्याची सुरुवात होती. ‘करंजाची पालवी पावसाच्या भरवशावर नसून वाढत्या दिवसाला मिळालेला तो प्रतिसाद असावा, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे, पण आमच्याकडच्या नोंदी तुटक आहेत, आणि तुटक नोंदींवर बोलू नये. इतकी सलग माळ मी पहिल्यांदा पाहते आहे. पाऊस लवकर आलेल्या वर्षीही आणि उशिरा आलेल्या वर्षीही पालवीची तारीख जवळपास तीच. नरसिंहरावांच्या नोंदींवरून माझे अनुमान पक्के झाले. ज्या चिकाटीने हे काम एका माणसाने एका झाडासाठी केले आहे, तिला मी काय नाव देऊ हे मला सुचत नाही. त्यांनी लिहीत राहावे.’

नरसिंहरावांनी ते पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्यांदा ‘अनुमान’ आल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

“डोळ्याचं अलकाताईंना कळवायला हवं,” शालन म्हणाली. “त्या याच तारखांवर विसंबणार आहेत. पण तुम्ही नको म्हणालात, तर मी नाही सांगणार. तुम्ही ठरवा.”

दोन फुले नरसिंहरावांच्या सदऱ्यावर पडली, ती त्यांनी चाचपून उचलली आणि सवयीने डाव्या डोळ्याजवळ नेली.

“सांग,” ते शेवटी म्हणाले. “पण मी म्हणतो तसं. अख्खं. मधलं काढायचं नाही.”

ते बोलत गेले, ती लिहीत गेली. तिने लिहिलेले त्यांना वाचून दाखवले. ‘दृष्टी कमजोर झाल्याने’ हे तिने आपल्या पदरचे घातलेले शब्द त्यांनी काढायला लावले आणि ‘मला वरचे दिसत नाही’ एवढेच ठेवले. मग तिने ते पाठवले. अलकाताईंचे उत्तर कावेरीची दुसरी कॉफी येण्याच्या आत आले, आणि त्यांच्या मानाने ते अगदीच छोटे होते.

‘आमचे संशोधक झाडाखाली जाळ्या बांधतात, पडलेले गोळा करण्यासाठी, ती मान्य पद्धत आहे. रकान्याचे नाव तेवढे बदलावे: पहिली पडलेली कळी. शालन वरचे पाहणार हे उत्तम. तोपर्यंत माझे मत पक्के नव्हे, कच्चे धरावे. तारखा खऱ्या आहेत याविषयी मात्र मला शंका नाही. हा मजकूर नरसिंहरावांना दाखवण्यास माझी अनुमती आहे. न कापता.’

“कडक बाई आहे,” कावेरी म्हणाली.

“चांगली आहे,” नरसिंहराव म्हणाले, आणि त्यांनी फोन मागून घेतला. अक्षर मोठे करून, एकेक शब्द डावीकडे धरून, त्यांनी अश्वत्थकट्ट्यावर त्या दिवसाची नोंद स्वतः लिहिली. होंगे; फुले पडत आहेत; वरचे मला दिसत नाही, ते शालनअक्का बघून सांगेल.

कट्ट्यावरच्या मंडळींना आणि ‘पालवी’वरच्या मंडळींना काय घडले ते कळायला हवे, असे तिघांचेही मत पडले. शालनने एक मजकूर तयार केला, तो नरसिंहरावांना वाचून दाखवला, अलकाताईंना पाठवला, दोघांची संमती आल्यावर दोन्ही मंचांवर ठेवला, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरीकडचा दुवा दिला. त्यात तिने लिहिलेले कारण असे होते:

‘अनुमान’ या शब्दाचा अर्थ मराठीत पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असा होतो. रोजच्या कानडीत, आणि कानडीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या कट्ट्यावरच्या मराठीत, संशय असा होतो. अलकाताईंनी तो पहिल्या अर्थाने लिहिला आणि नरसिंहरावांनी दुसऱ्या अर्थाने वाचला. कोणता अर्थ घ्यायचा हे त्या वाक्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यांत स्पष्ट होते, आणि ती वाक्ये मी काढून टाकली होती. मला दोन्ही अर्थ माहीत आहेत. वाक्य हलवण्यापूर्वी ते ज्यांचे होते त्या अलकाताईंना मी विचारले नाही आणि ज्यांच्याविषयी होते त्यांनाही विचारले नाही. विचारले असते, तर ‘कसलं अनुमान?’ असे नरसिंहरावांनी मला तेव्हाच विचारले असते.